कुमुद नाफडे यांची बिननावी गोगलगाय

कुमुद नाफडे यांची ओळख करून देताना त्यांचे यजमान श्रीरंग म्हणायचे, "ही तारामाशांच्या पोटातल्या किड्यांची डॉक्टर." या एका वाक्यात तीन चुका होत्या. तारामासा हा मासा नसतो. कुमुदताईंचा प्राणी त्याच्या पोटात नव्हे, हातात राहायचा. आणि तो किडा नव्हता, गोगलगाय होती. कुमुदताई तिन्ही चुका दर वेळी शांतपणे दुरुस्त करायच्या. दुसरी दुरुस्ती संपेपर्यंत समोरचा माणूस सहसा पाणी प्यायला गेलेला असायचा.

त्या वाढल्या दिल्लीच्या पहाडगंजात, शिकल्या तिथल्या मराठी शाळेत, लग्नानंतर फरीदाबादला आल्या आणि सगळी नोकरी त्यांनी केली दिल्लीतल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात. तिथे देशभरातून गोळा केलेले प्राणी बरण्यांत बुडवून ठेवलेले असत. कुमुदताईंकडे होते तारामासे, समुद्रकाकड्या आणि त्यांचे भाऊबंद, शिवाय त्यांच्या अंगावर आणि अंगात बिऱ्हाड करून राहणारे परजीवी. दिल्लीला समुद्र नाही. मग हे कार्यालय दिल्लीत का, तर मंत्रालय दिल्लीत आहे म्हणून.

समुद्र त्यांना कामानिमित्त एकदाच भेटला. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना लक्षद्वीपला पाठवण्यात आलं. तिथे ओहोटीच्या वेळी खडकांत एका तारामाशाचा हात त्यांना सुजलेला दिसला. सुजेच्या टोकाला टाचणीने पाडल्यासारखं भोक होतं. शोधल्यावर तसाच आणखी एक सापडला. दिल्लीला परतून त्यांनी पहिल्याचा हात चिरला, तर आत काचेसारखा आरपार दिसणारा, टोकदार शंख होता, आणि त्याला खेटून तांदळाच्या कणीएवढा दुसरा. मोठी मादी, छोटा नर. ही गोगलगाय अगदी लहान असताना तारामाशाची कातडी भेदून आत शिरते. मग तिथेच वाढते, त्याच्या अंगातला रस पिते, तिथेच संसार करते, अंडी घालते आणि पुन्हा बाहेर येत नाही. भोक तेवढं श्वासापुरतं. तारामासा तिच्याभोवती स्वतःच्याच कातडीची खोली बांधून देतो.

"म्हणजे सरकारी क्वार्टर," श्रीरंग म्हणाले होते. ते स्वतः लेखा विभागात होते. "फक्त रिटायर झाल्यावर खाली करावं लागत नाही."

अशा गोगलगायी जगाला माहीत होत्या. ही मात्र माहीत असलेल्यांपैकी नव्हती. कुमुदताईंनी पुस्तकं चाळली, बाहेरच्या तज्ज्ञांना पत्रं लिहिली. उत्तरं आली: नवीन दिसते, नीट वर्णन करा, नाव द्या. प्राण्याला पहिल्यांदा नाव देणाऱ्याचं आडनाव त्या नावापाठोपाठ छापलं जातं, आणि पुढे जो कोणी तो प्राणी अभ्यासेल त्याला ते छापावंच लागतं. जगाकडून कुमुदताईंना एवढंच हवं होतं. बढती वेळेवर झाली नाही याचं त्यांना फारसं वाटलं नाही, परदेशातल्या परिषदेला दुसऱ्याला पाठवलं तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत. एका गोगलगायीमागे 'नाफडे' लागलं की हिशेब पुरा, असं त्या धरून चालल्या होत्या.

अडचण एकच होती. पहिल्यातले दोन्ही शंख मोजमाप चालू असताना चिमट्यात फुटले. नाव द्यायचं तर नमुना हातात लागतो, नुसत्या चित्रावर भागत नाही. उरला दुसरा तारामासा. त्याचा सुजलेला हात त्यांनी चिरला नाही. तो तसाच बरणीत ठेवला, नीट सवड मिळाली की उघडायचा म्हणून.

सरकारी नोकरीत नीट सवड कधी मिळते हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. विमानतळावर तस्करीच्या वाळवलेल्या समुद्रकाकड्यांची पोती पकडली गेली की त्या ओळखायला कुमुदताईंना बोलावणं येई. मग कोर्टात साक्ष, मग तारीख, मग पुढची तारीख. हिंदी पंधरवड्यात निबंध. माहितीच्या अधिकारातले अर्ज, त्यांत 'आपल्या कार्यालयात एकूण किती प्राणी आहेत आणि ते का आहेत' असाही एक. मुलगी रेवती शिकली, गुरुग्रामला नोकरीला लागली, तिथेच एका टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावर राहू लागली. तारामासा बरणीत होता.

लोकांना आपलं काम समजावं असा प्रयत्न कुमुदताई करत नसत असं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वीणाताईंनी विचारलं, "सध्या काय चाललंय हो तुमच्या ऑफिसात?"

"एक मासा बघतेय. समुद्रकाकडीत राहतो."

"काकडीत?"

"प्राणी असतो तो. हा मासा दिवसभर तिच्या आत झोपतो. मागच्या बाजूने शिरतो, शेपटी आधी."

"मागच्या म्हणजे..."

"तुम्ही समजताय तीच."

"अगं बाई! आणि ती काकडी काहीच म्हणत नाही?"

"काय म्हणणार? काही काकड्यांना तिथे दात असतात."

वीणाताईंनी तिळाची वडी हळूच ताटलीत परत ठेवली. पुढच्या वर्षी त्यांनी तब्येतीची चौकशी केली, कामाची नाही.

आता स्पिरिट. बरण्यांतले प्राणी स्पिरिटमध्ये बुडवलेले असतात, आणि स्पिरिट म्हणजे अबकारी खात्याच्या लेखी दारूच. ते आणायला परवाना लागतो, थेंबाथेंबाचा हिशेब लागतो. होळीच्या आधी स्पिरिटच्या खोलीला दुसरं कुलूप लावायचं, ही कार्यालयाची जुनी प्रथा होती. ते कधी कोणी प्यायलं होतं का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण कुलूप होतं, म्हणजे पीत असणार, असं सगळे समजून चालत.

बरण्या पुसायला, त्यांत स्पिरिट भरायला ठेकेदाराने दिलेला हरीश बिष्ट नावाचा माणूस होता, मूळचा पौडीकडच्या पहाडातला. दोन मुलींचा बाप, बोलायला मोकळा. तारामाशांना तो 'सितारे' म्हणायचा. "मैडम, आपके सितारे आज चमका दिए," असं रोज सांगायचा आणि कुमुदताई रोज "बरण्या वाजवू नकोस" असं हिंदीत सांगायच्या. दोघांचं बरं चाललं होतं.

ज्या पावसाळ्यात दिल्लीत निम्म्या लोकांचे डोळे आले होते, त्या पावसाळ्यात कुमुदताईंच्या लक्षात आलं की बरण्यांतलं स्पिरिट उतरतंय. त्यांनी काचेवर पेन्सिलीने रेघा मारल्या. शुक्रवारी स्पिरिट रेघेवर, सोमवारी रेघेखाली. शनिवारी सफाईला फक्त हरीश यायचा. आणि सोमवारी त्याचे डोळे लालभडक.

"हरीश, शनिवार को यहाँ कौन आता है?"

"मैं ही आता हूँ मैडम. आपने ही तो बोला था."

"और आँखें?"

"आई हुई हैं मैडम. सबकी आई हुई हैं. गेट वाले भैया की भी."

"स्पिरिट कम हो रहा है."

हरीशला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसला. "मैडम, उसमें तो जानवर पड़े हैं!"

हा बचाव खरं तर कुठल्याही कोर्टात टिकला असता. कुमुदताईंना फक्त हसणं दिसलं. "पीने वाले ये सब नहीं देखते," त्या म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात पिणारा माणूस जवळून पाहिलेला नव्हता. त्यांच्या माहेरी शपथ घेतल्यासारखी निर्व्यसनीपणाची परंपरा होती, आणि ज्यांना एखादी गोष्ट अजिबात माहीत नसते त्यांना ती ओळखता येते असा त्यांचा विश्वास असतो.

कार्यालयाच्या प्रमुख अलकनंदा मॅडम. त्यांच्या कानावर घातल्यावर त्या म्हणाल्या, "लिखकर दीजिए." कुमुदताईंनी लिहून दिलं. एखाद्याला तोंडावर चोर म्हणणं त्यांना जमलं नसतं. लिहिणं जमलं. आणि लिहिलंही अगदी काटेकोर: स्पिरिटची पातळी सोमवारी उतरलेली आढळते. शनिवारी हरीश बिष्ट एकटाच उपस्थित असतो. अमुक सोमवारी त्याचे डोळे लाल होते. तिन्ही वाक्यं खरी होती.

ठेकेदाराला फोन गेला. पुढच्या सोमवारी हरीशच्या जागी धीरज नावाचा दुसरा माणूस आला. हरीश गेटबाहेर उभा होता. कुमुदताई मेट्रोकडे निघाल्या तसा तो बरोबर चालू लागला.

"मैडम, एक बार बोल दीजिए ना कि मैंने नहीं पी."

"मैंने तो लिखा ही नहीं कि तुमने पी."

"तो फिर निकाला क्यों?"

 कुमुदताईंनी मेट्रोचं कार्ड टेकवलं आणि त्या आत गेल्या. हरीशकडे कार्ड नसावं. तो बाहेर राहिला.

आता इथे कार्यालयाची शिस्त आडवी आली. परवान्याच्या मालाची चोरी झाल्याची लेखी तक्रार असेल तर तिची प्रत अबकारी खात्याला जाते. ती गेली. त्या खात्याने तत्परतेने उत्तर दिलं: चौकशी पूर्ण होईपर्यंत परवाना स्थगित. चौकशी अधिकारी नेमायचा होता. तो नेमला गेला, मग त्याची बदली झाली, मग दुसरा नेमायचा होता. कुमुदताईंच्या त्या तीन खऱ्या वाक्यांमुळे कार्यालयात स्पिरिटचा थेंब येणं बंद झालं.

पातळी मात्र उतरतच होती. हे कुमुदताईंच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं, आणि त्यांनी धीरजकडेही दोनचार दिवस निरखून पाहिलं. धीरज देवाला भिऊन वागणारा, पानसुद्धा न खाणारा माणूस होता आणि शनिवारी तो येतच नव्हता. मग एका सोमवारी कुमुदताईंनी एका बरणीच्या झाकणावरून बोट फिरवलं. बोट ओलसर झालं, वास आला. झाकणं नवीन होती, प्लास्टिकची. जुनी काचेची झाकणं काढून ही बसवली होती, कारण निविदेत हीच सर्वांत स्वस्त निघाली. खरेदी समितीत तीन सह्या होत्या आणि त्यांतली एक कुमुदताईंची. शनिवार-रविवार वीजबचतीसाठी एसी बंद असायचा. दिल्लीच्या उकाड्यात बंद खोलीत स्पिरिट त्या झाकणांतून निवांतपणे उडून जात होतं. कोणी पीत नव्हतं. कोणी प्यायलंच असेल तर हवेने.

त्या दिवशी त्यांनी अलकनंदा मॅडमकडे जायला हवं होतं. त्या जाग्यावर बसून राहिल्या. चौकशी चालू आहे, ती पूर्ण होऊ दे, मध्येच काही बोलणं बरोबर नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सरकारी माणसाला स्वतःची समजूत घालायलाही नियम सापडतो.

उरलेलं स्पिरिट थोडं होतं आणि बरण्या पुष्कळ. कोणत्या वाचवायच्या ते त्यांनाच ठरवायचं होतं. ज्या प्राण्यांना नावं मिळालेली आहेत, ज्यांच्यावर जगातले लोक अवलंबून आहेत, त्यांना आधी, असा त्यांनी निर्णय घेतला. तो निर्दोष होता. त्यांच्या तारामाशातली गोगलगाय अजून बिननावी होती, म्हणजे रांगेत शेवटी. तिच्या वाट्याला स्पिरिट उरलं नाही. त्या बरणीत फॉर्मलीन भरलं.

फॉर्मलीन हळूहळू आंबट होतं आणि शंख खातं, हे कुमुदताईंना माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही. प्रशिक्षणवर्गात हे त्या स्वतः शिकवायच्या. म्हणून त्यांनी चमचाभर टाकणखार घातला, त्याने आंबटपणा काही काळ रोखला जातो. पंधरा दिवसांची सोय, त्यांनी धीरजला सांगितलं. परवाना मिळाला की बदलू. पंधरा दिवस उलटले, हिवाळा गेला, उन्हाळा गेला. चौकशीचा तिसरा अधिकारी आला. मग कुमुदताईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्या बरेच दिवस घरीच होत्या.

निवृत्ती दिसू लागली तेव्हा कोलकात्याचा सुजय दिल्लीला बैठकीसाठी आला. गोगलगायींवर काम करणारा, कुमुदताईंना दीदी म्हणणारा, दर वर्षी "दीदी, लिख डालिए, नहीं तो कोई और लिख देगा" असा फोन करणारा. या वेळी तो म्हणाला, "आज खोलते हैं. आप काटिए, मैं फोटो लेता हूँ."

कुमुदताईंनी बरणी उघडली. तारामासा चिमट्याने उचलला तेव्हा तो ओल्या फडक्यासारखा लोंबला. तारामासा लोंबत नाही. त्याच्या कातडीत चुन्याच्या हजारो तुकड्यांची जाळी असते, तो ताठ असतो. सुजयने कॅमेरा खाली केला. कुमुदताईंनी तरीही सुजलेला हात चिरला, अगदी व्यवस्थित, जसा इतकी वर्षं मनात चिरला होता तसा. आत मऊ, पिवळट मांसाचा एक गोळा होता आणि त्याच्या बाजूला दुसरा छोटा. दोघं जागच्या जागी होते. शंख नव्हते.

"शेल कहाँ है, दीदी?"

"विरघळला."

"क्या?"

"घुल गया."

सुजयने बरणी नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. अशा गोगलगायीची ओळख शंखावरून पटते. शंखाशिवाय ती म्हणजे चिमूटभर काहीतरी. त्यातून आनुवंशिक तपासणी तरी होईल का, असं कुमुदताईंनी विचारलं, उत्तर माहीत असताना. फॉर्मलीनमध्ये इतका काळ राहिलेल्या मांसातून तेही निघण्याची आशा नव्हती. सुजय म्हणाला, "लक्षद्वीप जाकर दूसरा ढूँढ लेते हैं." दोघांनाही ठाऊक होतं की निवृत्तीला आलेल्या, गुडघा बदललेल्या बाईला कोणी लक्षद्वीपला पाठवत नसतं.

पण तारामासा नोंदीतला होता. निवृत्त होणाऱ्याला आपल्या ताब्यातली प्रत्येक वस्तू परत दाखवावी लागते, आणि वस्तू खराब झाली असेल तर कारण द्यावं लागतं. तोवर 'काही देणे नाही' असा दाखला मिळत नाही, दाखल्याशिवाय पेन्शन निघत नाही. कुमुदताईंनी कारण लिहिलं: झाकणं सदोष, त्यामुळे स्पिरिट उडालं, फॉर्मलीन माझ्या निर्णयाने भरलं, चोरी झालेली नव्हती.

अलकनंदा मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. "कुमुद जी, ये क्या लिखा है?"

"जो हुआ, वही."

"ढक्कन आपकी कमिटी ने लिए. फॉर्मलीन आपने डलवाया. शिकायत भी आपने की. ये लिखेंगी तो सब आप पर आएगा. और परमिट पिछले महीने ही खुला है, फिर अटक जाएगा."

"पर हरीश ने नहीं पी."

"तो किसने पी?"

"किसी ने नहीं. उड़ गई."

"फाइल में चोरी है. चोरी का नतीजा है नुकसान. सीधी बात है. अब आप कहती हैं उड़ गई." मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी चहा मागवला. "वो लड़का तो अब यहाँ है भी नहीं. उसे क्या फ़र्क पड़ेगा?"

घरी कुमुदताईंनी श्रीरंगना विचारलं, "अहो, काय करू?"

"तू काय करायचं ठरवलंयस ते सांग. मी तेच सुचवतो."

"थट्टा नको."

"थट्टा कुठे? पस्तीस वर्षं असंच चाललंय आपलं." मग पेपर खाली न करता, "रेवतीचं घराचं कर्ज आहे, आपण हप्त्याला हातभार लावतोय, एवढं फक्त धरून चाल."

दुसऱ्या दिवशी कुमुदताईंनी नवा मजकूर दिला. स्पिरिटच्या चोरीमुळे उद्भवलेल्या परिस्थितीत नमुना नष्ट झाला, संदर्भ हरीश बिष्ट यांच्यासंबंधीची आधीची तक्रार. त्यांच्या सबंध नोकरीतली ही पहिली फाइल, जी त्याच दिवशी मंजूर होऊन परत आली. त्या गोगलगायीच्या संदर्भात सरकारी कागदावर कायमचं लागलेलं आडनाव आता बिष्ट असं होतं.

निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, समोसे. अलकनंदा मॅडमनी भाषणात कुमुदताईंच्या सचोटीचा उल्लेख केला.

पेन्शन सुरू झाल्यावर एका सकाळी, त्या भाजी निवडत असताना, गुरुग्रामहून एका सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपनीचा फोन आला. कुठल्याशा टॉवरला गार्ड म्हणून हरीश बिष्टला घ्यायचं चाललं होतं. "उसने आपका नंबर दिया है मैडम. बोला, मैडम बहुत सच्ची हैं, जो पूछना है उनसे पूछ लो."

"काम अच्छा करता था," कुमुदताई म्हणाल्या. "समय पर आता था."

"चोरी-वोरी का तो कुछ नहीं था ना? रेज़िडेंट लोग बहुत पूछते हैं."

नाही म्हणावं तर फाइलवर सही त्यांची होती. हो म्हणावं तर तेही खरं नव्हतं, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"मैं तो रिटायर हो चुकी हूँ," त्या म्हणाल्या. "आप ऑफिस से पूछ लीजिए."

"वो लोग बताएँगे?"

"हाँ. फाइल में सब लिखा है."

त्या माणसाने आभार मानले आणि ऑफिसचा नंबर विचारला. कुमुदताईंनी तो दिला, एक्स्टेन्शनसकट.